टोकावरचं लिंबू

उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता. बोलताना थुंकीचे बारीक कण उडतात, पोलादावर बसतात आणि थोड्याच दिवसांत तिथे गंजाचा ठिपका उमटतो. शेजारच्या म्हाताऱ्याने हे सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. त्याने दोन बोटं बाहेर काढलेली तलवार तशीच परत म्यानात सरकवली आणि म्हणाला, "आज नाही. तुझं हसून झालं की ये." मला भयंकर राग आला. आमच्या साताऱ्याकडे दसऱ्याला तलवारी पुजतात, आणि हा गोरा मला शस्त्राचा मान शिकवणार! तीन दिवस मी फुगून बसले. चौथ्या दिवशी गेले.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं आम्ही कॉव्हेंट्रीत राहत होतो. नवरा गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी एका डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅप्स घडवायचे. आमचं घर जोडघर होतं, एक भिंत शेजाऱ्याची आणि आमची मिळून. पलीकडे हा म्हातारा एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उभा जन्म कारखान्यात टूलमेकर म्हणून गेलेला. लोखंडावरून बोट फिरवून केसाच्या जाडीइतका फरक सांगायचा, असं त्याच्या वयाचे लोक मला बसस्टॉपवर कौतुकाने सांगत. मनातल्या मनात मी त्याला म्हातारा म्हणायचे. इंग्रजीत अहो-जाहो नसल्यामुळे समोर काय म्हणायचं हा प्रश्न आला नाही.

दिवाळीचा फराळ द्यायला गेले तेव्हा त्याने चकलीकडे पाहिलंच नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. "कामाला काय करतेस?" मी सांगितलं. "मग तुझा हात हलत नसणार," तो म्हणाला आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती, वाऱ्यावरच्या पिंपळपानासारखी. आजार नुकता सुरू झाला होता. कपाटात एक वस्तू होती, तिला दर महिन्याला पुसून तेल लावायचं होतं आणि आता ते त्याला जमणार नव्हतं.

ती वस्तू म्हणजे जपानी आखूड तलवार. वाकिझाशी म्हणतात तिला. हातभर लांब, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. त्याच्या थोरल्या भावाला ती महायुद्ध संपताना ब्रह्मदेशात मिळाली होती. शरण आलेल्या एका अधिकाऱ्याने दोन्ही हातांवर आडवी धरून दिली आणि एवढंच म्हणाला, की ही माझ्या घरची आहे. भाऊ आयुष्यभर त्या वाक्याने बेचैन होता. मरताना त्याने धाकट्याकडून वचन घेतलं: ज्यांची आहे त्यांना परत दे, आली तशी दे.

आली तशी. म्हातारा हे दोन शब्द जपासारखे म्हणायचा. साठ वर्षांत या पात्यावर आमच्या घरातल्या कुणाचं बोट उमटलेलं नाही, हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. लग्नाचा वाढदिवस सांगतानाही होत नसे.

तलवार मागच्या खोलीत असायची. त्या खोलीत हीटर बंद ठेवलेला, त्यामुळे ती कायम गार, आणि आत पाऊल टाकलं की लवंगेचा वास यायचा. पात्याला लावायच्या तेलात लवंग असते. माझ्या लॅबमध्येही तोच वास, दातांच्या औषधाचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्याच हातांना येतोय.

मुठीतली बांबूची बारीक खुंटी काढली की सगळी तलवार सुटी होते. मूठ निघते, लोखंडी चकती निघते, पितळी कडं निघतं. मुठीला पाकट माशाची खरखरीत कातडी, त्यावर निळी रेशमी वीण, आणि विणीखाली दोन्ही बाजूंना एक-एक सोन्याचा चतुर दबलेला. चकतीवर लाटा. काळ्या म्यानावर शिंपल्याचा चुरा, पावसाचे थेंब उडाल्यासारखा. मी म्हटलं, योद्ध्याच्या हातात वाघ-सिंह सोडून हा किडा कशाला? म्हातारा म्हणाला, "हा फक्त पुढे उडतो. मागे फिरत नाही." आम्ही लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला फिरवायचो, हे मी त्याला सांगितलं नाही.

मुठीत दडलेल्या भागावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं आणि तो भाग काळाकुट्ट गंजलेला. मी सवयीने पुसायला गेले तर त्याने माझं मनगटच धरलं. तो गंज पुसायचा नसतो. त्यावरून वय कळतं. बाहेरच्या पात्यावर मात्र टाचणीच्या टोकाएवढा गंजही चालत नाही.

आणि धारेजवळची ती रेघ. घडवताना पात्याला ओली माती लावतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग लालबुंद करून पाण्यात बुडवतात. धार कडक होते, पाठ लवचीक राहते आणि दोन्हींच्या सीमेवर एक पांढुरकी रेघ उमटते, सकाळी नदीवर धुकं असतं तशी. पातं खिडकीकडे कलतं केलं की ती दिसते, सरळ धरलं की नाहीशी होते. टोकापर्यंत जाऊन ती वळते आणि पाठीकडे परत येते. "जाणकार आधी टोक बघतो," म्हातारा म्हणायचा. "टोकाची रेघ गेली, की तलवार मेली." मी पातं पुसत असताना कधीकधी ती रेघ हललेली वाटे. माझा हात हलत नव्हता. मी श्वास रोखून पुसायचे आणि बाहेर आले की अंगणात उभी राहून छाती भरून हवा घ्यायचे.

त्याने बरीच वर्षं पत्रं लिहून अखेर त्या अधिकाऱ्याची मुलगी शोधून काढली होती. ती वसंतात येणार होती, तलवार न्यायला. पत्र आलं त्या दिवशी म्हाताऱ्याने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो आमच्याकडेच राहून नोकरी करत होता. मुलगी लंडनच्या स्टॅनमोर भागातली, तिथेच जन्मलेली, आईवडील मूळचे पुण्याचे. मुहूर्त शनिवारचा, हॉल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आई साताऱ्याहून एकटी आली आणि विमानतळावरून बाहेर पडली तीच रडत. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून, म्हणजे वाईट नजर त्याच्याऐवजी लिंबाला लागते. घरची कट्यार आईने पदराखालच्या पर्समध्ये घातली होती. मोठ्या बॅगेत टाकली असती तर मुकाट आली असती. पण देवापुढची वस्तू चपला-कपड्यांत कशी कोंबायची? मुंबईला सिक्युरिटीवाल्यांनी ती काढून घेतली.

"आई, अगं किचनमधली नाइफ घेऊ," भाऊ म्हणाला. "कोण बघतंय?"

"भाजी चिरायची सुरी धरून मांडवात बसणार तू? तुझे बाबा असते तर..."

"मग लेस्टरला देशी दुकानात मिळते नाटकातली. लिंबूपण प्लॅस्टिकचं लावू, सेफ."

"नजर काय प्लॅस्टिकची लागते?" आई म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

बाबा स्वतःच्या लग्नात कट्यार खाली ठेवून जेवायला बसले होते, आणि म्हणूनच पन्नाशीत गेले, ही आईची पक्की समजूत. मी शिकलेली बाई, मला असल्या गोष्टी पटत नाहीत. तरी शुक्रवारी संध्याकाळी ती देवापुढे बसून राहिली, तेव्हा दोन दिवस मनात घोळणारा शेजारच्या तलवारीचा विचार पक्का झाला.

म्हातारा तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता, पडून खुबा दुखावला होता म्हणून. सोमवारी मी त्याला गाडीतून घरी आणायचं ठरलेलं. त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे. शुक्रवारी दुपारीच मी त्याला भेटून आले होते, विचारायची संधी होती, आणि मी विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर? विचारलं नाही म्हणजे नकारही मिळाला नाही, असला माझा हिशेब.

शनिवारी सकाळी मी मागच्या खोलीतून तलवार उचलली. आईला बजावलं, हळद-कुंकू लावायचं नाही, ओलं बोट लावायचं नाही. भावाच्या हातात सुती मोजा घातला. एवढी सगळी काळजी, आणि लिंबाला मात्र मी हो म्हटलं. दातांवर अ‍ॅसिड काय करतं हे रोज बघणारी बाई मी. मला कळत होतं. टोकावर तेलाचा जाड थर आहे, संध्याकाळी लगेच पुसून टाकीन, असं स्वतःला समजावलं.

लिंबू खोचायला जोर लागलाच नाही. आईने ते टोकावर नुसतं ठेवलं आणि ते आपणहून खाली उतरलं, मधोमध. आईने हात झटकन मागे घेतला. "बाई गं," ती म्हणाली, "भुकेली दिसते."

निघताना दारात औक्षण झालं, फोटो झाले. समोरच्या फुटपाथवर दोन बायका थांबून बघत होत्या. हॉलमध्ये भाऊ सहा तास ती तलवार धरून होता. नवरी त्याच्या कानाशी म्हणाली, "ती लिंबू किती क्यूट आहे!" आणि सगळे हसले. मला हसू येईना. होमाच्या धुरातही मला लवंगेचा वास येत होता. मध्येच भावाने मला जवळ बोलावलं.

"ताई, हे गरम का होत नाही? इतका वेळ हातात आहे, तरी आइस कोल्ड."

"लोखंड आहे. गप्प बस."

मोज्यातून कळतं कसं, हा विचार मला नंतर आला.

लग्न लागलं, जेवणं झाली, आईने लिंबू ओढून काढलं आणि बाजूच्या टेबलावर कापलं. आत काळं होतं. शाईसारखं काळं, बियांसकट. लोखंड आणि आंबट एकत्र आलं की असं होतं, हे मला माहीत होतं, तरीही मी एक पाऊल मागे सरले. आईचा चेहरा मात्र उजळला. "बघितलंस? केवढी नजर होती माझ्या पोरावर! सगळी खाल्ली हिने." चौकात टाकायचं म्हणून ती नव्या व्याह्यांबरोबर गाडीत बसली आणि ते लिंबू कॉव्हेंट्रीच्या एका राऊंडअबाउटवर फेकून आली.

मी हॉलच्या बाथरूमचं दार लावून, सोबत आणलेल्या सामानाने टोक पुसलं. मऊ कागद, पांढरी पूड, पुन्हा कागद. टोकाशी नखाएवढा काळा डाग होता, चंद्रकोरीसारखा, आणि त्याच्या आत रेघ नव्हती. धुकं तिथपर्यंत येत होतं आणि संपत होतं. मी पातं खिडकीकडे कलतं केलं, दिव्याकडे केलं, सरळ धरलं. घासू लागले, आणि घासून आणखी खराब होईल म्हणून थांबले. मग कमोडवर बसून ढसाढसा रडले. बाहेर सनई वाजत होती, टेपवर.

संध्याकाळी पाचला तलवार परत ठेवायला गेले. नोव्हेंबरातले पाच म्हणजे अंधारच. म्हाताऱ्याच्या घरात दिवा नव्हता. किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं आणि थबकले. घर आठवडाभर बंद होतं, पण हवा बंद घरातली नव्हती. मी मागच्या खोलीत तलवार जागेवर ठेवली, धार वर करून, शिकवली होती तशी. तेवढ्यात डोक्यावर, वरच्या खोलीच्या लाकडी जमिनीतली फळी करकरली. एकदाच. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा तशी. मी हाक मारली नाही. शालूचा घोळ हातात धरून पळत सुटले, दार ओढून घेतलं आणि स्वतःच्या घरात जाऊन कडी लावली. भिंतीपलीकडून आवाज आला नाही. वास मात्र त्या भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात येत राहिला, लवंगेचा. आई म्हणाली, मसालेभात उरलाय त्याचा असेल.

सोमवारी त्याचाच फोन आला. "तू येऊ नकोस, मला लिफ्ट मिळाली. घरी पोचलो." मी सूप घेऊन गेले. तो काठी धरून खुर्चीत बसला होता. महिन्याचं तेल लावायचा दिवस होता. मीच घाबरत विषय काढला. "राहू दे या महिन्यात," तो म्हणाला. पुढच्या महिन्यातही म्हणाला, राहू दे. मग मी विचारणं सोडलं. त्याला माहीत नाही, असं मी धरून चालले. सांगायचं रोज ठरवायचे. चोराच्या मनात चांदणं. तो नुसता खोकला तरी मला वाटायचं, आता विचारणार.

एप्रिलमध्ये ती जपानी बाई आली. साठीच्या पुढची, करडा सूट, हळू पण नीट इंग्रजी. म्हाताऱ्याने मला मुद्दाम बोलावलं होतं, माझी विद्यार्थिनी म्हणून ओळख करून दिली. बाईने टेबलावर जांभळा रुमाल पसरला. पर्समधून घडी केलेला कागद काढून ओठांत धरला, आपला श्वास पात्यावर पडू नये म्हणून. मग तलवारीला वाकून नमस्कार केला आणि ती काढली, सावकाश, जणू झोपलेल्या मुलाला उचलतेय.

तिची नजर मुठीपासून निघाली. रेघेवरून पुढे सरकत गेली. टोकाशी पोचली आणि थांबली.

तिने पातं कलतं केलं, सरळ केलं, पुन्हा कलतं केलं. मी हॉलच्या बाथरूममध्ये केलं होतं अगदी तसं. मी तोंड उघडलं. आणि उघड्या पात्यासमोर बोलायचं नाही, हे आठवलं. खरंच आठवलं, की मला तेवढं निमित्त पुरलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मी तोंड मिटलं.

तिने तलवार म्यानात घातली, ओठांतला कागद काढला. पुढच्याच क्षणाला म्हातारा बोलला.

"टोकाचं माझ्या हातून झालं. लिंबाचा रस. चहात पिळत होतो आणि तलवार शेजारीच उघडी ठेवली होती. हात हे असे. माझी चूक."

त्याने थरथरणारे हात तिच्यापुढे धरले. ज्याने जन्मभर पोलादाशी दगा केला नाही, त्याने चहाच्या कपाशेजारी उघडं पातं ठेवलं, हे त्याला ओळखणाऱ्या कुणाला पटलं नसतं. तिने त्या हातांकडे पाहिलं. तिला पटलं. ती त्याला नमस्कार करायला वाकली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कीव होती, आणि ती त्याने सरळ मानेने घेतली. मी खुर्चीत बसून होते. लाजेने माझे कान जळत होते आणि मी एक शब्द बोलले नाही.

टॅक्सी गेल्यावर मी दारात उभी राहिले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तुम्ही..."

"तुझा भाऊ बरा आहे ना?" त्याने मध्येच विचारलं.

"हो."

"मग झालं." तो आत वळला. "केटल लाव जरा."

त्याला लिंबाचं कसं कळलं? घरी आले आणि भावाच्या लग्नाचा फोटो पाच महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितला. आमच्या दिवाणखान्यात तो सगळ्यांना दिसेल असा लावला होता. आमचं दार, पायरीवर भाऊ, हातात तलवार, टोकावर पिवळं लिंबू. आई ओवाळतेय. आणि उजवीकडे शेजारच्या घराची खिडकी, जाळीचा पडदा बाजूला सारलेला. आत म्हातारा उभा आहे, घरातल्या गाऊनमध्ये. सोमवारी येणार होता तो शनिवारी सकाळीच आला होता. मी पळाले तेव्हा माझ्या डोक्यावरच्या फळीवर तोच उभा होता.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्या बाईचा पत्ता त्याच्या कागदांत मला सापडला, आणि मी लिहिलं नाही. लिहिलं तर तो खोटा ठरेल, असं म्हणते. निमित्त चांगलं आहे. भावाला दोन मुलं आहेत. आई अजून सांगते, त्या तलवारीने त्याची सगळी नजर खाल्ली.

फोटो आता माझ्या टेबलाच्या खणात असतो. खिडकीतल्या म्हाताऱ्याचा हात वर उचललेला आहे, मूठ वळलेली, काचेवर ठोकायला. काच चार बोटं लांब आहे. त्याने एकदा ठोकलं असतं तर आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं असतं. आईचा ओवाळणारा हात हलला म्हणून पुसट आलाय. त्याची मूठ मात्र स्वच्छ, रेखीव आली आहे. जराही हललेली नाही.